दादासाहेब फाळके आणि देवांच्या मागे राहिलेले गाव

आमच्या पेडण्याच्या घरी चवथीच्या दिवसांत एक जुनी व्हिडिओ कॅसेट लावायची पद्धत होती. नव्वदच्या दशकात मुंबईहून आलेल्या मामांनी घरच्या गणपतीचे चित्रण केले होते. माटोळी बांधणारे आजोबा, पातोळ्यांचे ताट घेऊन आलेली आजी, आरतीला जमलेले शेजारी, रात्रीच्या फुगड्या असे सगळे त्यात होते. लहानपणी आम्ही मुले त्यात स्वतःला शोधायचो. आता तीच कॅसेट पाहताना माझे लक्ष माणसांच्या मागे जाते. मागे चिऱ्यांचा गडगा दिसतो, शेजाऱ्यांचे नळ्यांचे छप्पर दिसते, फणसाखालून जाणारी वाट दिसते. यातले आज काहीही जागेवर नाही. मामांनी गणपतीचे चित्रण केले आणि नकळत आमचा वाडा टिपून ठेवला.

हा विचार मनात असतानाच मी दादासाहेब फाळके यांचे जे थोडे चित्रपट उरले आहेत, ते पुन्हा पाहिले. गोव्यात २००४ पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्यामुळे फाळके यांचे नाव आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार आपल्याला परिचयाचे आहेत. पण या वेळी मी देवांकडे न पाहता देवांच्या मागे काय दिसते ते पाहत होतो. तसे पाहताना त्यांचे चरित्रही वेगळे दिसू लागले. ते आपल्या वाचकांसमोर ठेवावे, म्हणून हा लेख.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे तीर्थक्षेत्र सोडून हा मुलगा गजबजलेल्या शहरात आला. कीर्तने, पुराणे, पूजेचे मंत्र तो सोबत घेऊन आला होता. त्यात मुंबईच्या चित्रांची, नाटकांची आणि यंत्रांची भर पडली.

१८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. वर्षभराने ते थोरल्या भावाकडे बडोद्याला गेले आणि तेथील कलाभवनात चित्रकला, शिल्प, वास्तुरेखन व छायाचित्रण शिकले. पुढे गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला.   पण प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. फाळके गोध्रा सोडून परत बडोद्याला आले. फोटो काढला की माणसाचे आयुष्य कमी होते, अशी समजूत तेव्हा तिथल्या लोकांत होती. त्यामुळे तिथे धंदा रखडत चालला.

पुढची काही वर्षे त्यांनी नाना उद्योग केले. नाटकांचे पडदे रंगवले. जादू शिकून स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ते प्रोफेसर केळफा झाले आणि प्रयोग करू लागले. १९०२ साली त्यांचे दुसरे लग्न झाले. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. १९०३ साली फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरीला लागले. माझ्यासारख्या सरकारी नोकराला चरित्राचा हा भाग जवळचा वाटतो. जुन्या वास्तूंसमोर उभे राहून त्यांची नोंद करणे हे त्यांचे काम होते. बांधलेले काही कायम टिकत नाही, हे त्यांनी तिथे रोज पाहिले असणार.

ही नोकरी त्यांनी काही वर्षांत सोडली. लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो दादरला आणला आणि त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स ठेवले. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहायला ते जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटले नाही. उभा केलेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. वय चाळिशीचे, घरी मुलेबाळे आणि हाती काही नाही, अशी तेव्हा त्यांची अवस्था होती.

१९११ च्या एप्रिलमध्ये मुलाला घेऊन ते गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रगृहात गेले. ते ईस्टरचे दिवस होते आणि तिथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट चालू होता. तो पाहताना आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर यावेत, ही कल्पना त्यांच्या मनात ठसली. त्यानंतर त्यांनी रात्रंदिवस चित्रपट पाहिले, पुस्तके आणि मासिके मागवली, यंत्रे खोलून जोडली. इतके की काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथल्या एका चित्रपट साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना मदत केली. सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांनी पाहिला. विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन दोन महिन्यांनी ते परतले.

पैसे उभे करायचे तर काहीतरी करून दाखवायला हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर मिनिटभरात बी रुजून रोप वर आले. 'अंकुराची वाढ' या नावाचा तो लघुपट पाहून भांडवल मिळाले. उरलेले भांडवल सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून आले.

दादरच्या मथुरा भवन या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. स्त्रीची भूमिका करायला कोणी बाई तयार होईना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाने तारामती केली. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके यांनी आणि रोहिदास फाळके यांचाच मुलगा भालचंद्र याने केला. काही भाग वांगणी या गावी चित्रित झाला. ढाल-तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याची शंका आली आणि मंडळी अडचणीत सापडली, अशी हकीकत सांगतात. सगळ्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत. फिल्म धुणे, तिला छिद्रे पाडणे, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणे हीही त्यांचीच कामे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. ते चित्रगृह आज नाही. सँडहर्स्ट रोड या त्या रस्त्याचे नावही बदलले. पेडणे, डिचोली, सत्तरीकडची कितीतरी माणसे त्या काळापासून पोटासाठी गिरगावात राहत आली. आपल्यातल्या कुणाच्या तरी पणजोबांनी तो खेळ पाहिला असेल, असे मला नेहमी वाटते.

त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. इथून पुढचा भाग माझ्या दृष्टीने महत्त्वाचा. पौराणिक कथा दाखवायची तर नदी हवी, घाट हवा, देवळे, डोंगर आणि झाडी हवी. नाशकात हे सगळे हाताशी होते. स्टुडिओत पडदे रंगवून अयोध्या आणि द्वारका उभ्या राहिल्या, पण उजेडासाठी आणि पाण्यासाठी कॅमेरा बाहेर न्यावाच लागे. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', मग 'लंकादहन' हे चित्रपट त्यांनी केले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, असे या चित्रपटाबद्दल सांगतात.

याच काळात त्यांनी देवादिकांखेरीजही पुष्कळ चित्रण केले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नाशिक-त्र्यंबक येथील देखावे, तळेगावचा काच कारखाना, वेरूळची लेणी, आगकाड्यांची मौज, सिंहस्थ पर्वणी अशा विषयांवर त्यांनी लघुपट केले. मुख्य चित्रपटाला जोडून असे तुकडे दाखवत. पाहणाऱ्यांना त्यांचे फारसे कौतुक नसावे. आपल्याच गावचा घाट पैसे देऊन कोण पाहणार? पण आज ती सिंहस्थाची फिल्म सापडली, तर तिच्या एकेका फुटासाठी अभ्यासक नाशिकला धाव घेतील. गोदावरीच्या पात्रातली जुनी कुंडे काँक्रीटखाली गेली. काठचे कित्येक वाडे पडले, दुकाने आली. त्या पर्वणीच्या गर्दीमागे हे सगळे उभे होते.

आता असा शोध घेतात कसा, ते थोडे सांगतो, कारण ते आमच्या मोजणीच्या कामासारखेच आहे. जुन्या चित्रात आधी न हललेली वस्तू शोधायची. देवळाचा कळस, डोंगराची रेघ, नदीचे वळण, पुलाची कमान. नाशकात नारोशंकराचे देऊळ आहे, सुंदरनारायण आहे, १८९५ सालचा होळकर पूल आहे. असे दोन ठाम बिंदू मिळाले की कॅमेरा कुठे उभा होता ते काढता येते. मग सावल्या कोणत्या बाजूला पडल्या आहेत ते पाहून दिशा आणि वेळ ठरते. पाटी दिसली, दिव्याचा खांब दिसला, तर साल जवळपास ठरते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मुख्य रस्त्यावर ट्रामच्या पुढे कॅमेरा लावून घेतलेली एक मूक फिल्म आहे. ती १९०५ ची समजत. एका अभ्यासकाने मोटारींच्या नंबरपाट्या आणि रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्याचा माग काढला. तेव्हा ती १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाआधी काही दिवसच घेतलेली ठरली. पडद्यावर दिसणारा बहुतेक रस्ता त्या भूकंपात आणि आगीत गेला. चित्रणाच्या वेळी हे कुणाला ठाऊक असणार?

फाळके यांच्याकडे परत येऊ. १९१८ साली काही धनिक भागीदारांबरोबर त्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. त्याच वर्षी 'श्रीकृष्ण जन्म' आणि पुढच्या वर्षी 'कालिया मर्दन' आला. दोन्हींत बाळकृष्ण झाली ती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग सुदैवाने आज पाहायला मिळतो. कृष्ण पाण्यात उडी घेतो आणि सारे गोकुळ काठावर जमते. त्या गर्दीत मी लुगड्यांच्या नेसणीकडे, काठाच्या दगडांकडे, पलीकडच्या झाडांकडे पाहत राहिलो. कंपनीचे बिऱ्हाड नाशकात होते, तेव्हा या काठाचा शोध तिथूनच सुरू करावा लागतो. पुराणातल्या यमुनेच्या जागी आपल्याला शंभर वर्षांपूर्वीची महाराष्ट्रातली एक नदी दिसते. माणसेही खरीच आहेत. गोकुळातले गवळी म्हणून उभे राहिलेले ते कुणाचे तरी आजोबा-पणजोबा.

'चित्रपट कसे तयार करतात' या नावाचा एक छोटा चित्रपटही त्यांनी केला होता. त्याचे काही तुकडे उरले आहेत. त्यात स्वतः फाळके नटांना शिकवताना, फिल्म तपासताना दिसतात. त्या कार्यशाळेचे, तिथल्या टेबलाचे, खिडकीतल्या उजेडाचे दुसरे कोणतेही चलच्चित्र माझ्या पाहण्यात नाही.

भागीदारांशी त्यांचे याही वेळी जमले नाही. १९१९ साली कंपनी सोडून ते काशीला गेले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते कंपनीत परतले आणि चित्रपट काढत राहिले, पण आता काळ पुढे गेला होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर, पुढे प्रभातची मंडळी नवे काही करू लागली होती. १९३१ साली बोलपट आला. फाळके यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणूनच तयार झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा कोल्हापुरात केलेला त्यांचा एकमेव मूळ बोलपट. तो त्यांचा शेवटचाही ठरला. सुमारे पंचवीस वर्षांत नव्वदहून अधिक चित्रपट आणि कितीतरी लघुपट करणारा हा माणूस त्यानंतर नाशकात घरी बसून राहिला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, त्या धंद्याला तेव्हा त्यांची फारशी आठवण नव्हती. १९६९ पासून त्यांच्या नावे पुरस्कार सुरू झाला, पण तोवर त्यांची बहुतेक रिळे नाहीशी झाली होती.

ती कुठे गेली? त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि दमट हवेत चिकट होऊन कुजते. खेळ उतरला की रिळे भंगारात जात, कारण त्यातून चांदी निघे. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजारावर चित्रपट झाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके धडपणे उरले. फाळके यांच्याही आधी सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले होते. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, त्या स्वागताचेही केले. त्यात मुंबई होती, मुंबईची माणसे होती. आज त्यातले काही पाहायला मिळत नाही.

फाळके यांचे जे उरले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. १९६४ साली ही संस्था सुरू झाली. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडे जाऊन घरात राहिलेली रिळे मिळवली, जपली आणि त्यांच्या नव्या प्रती करवल्या. आपण पाहतो तो 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा की १९१७ साली पुन्हा केलेला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कुटुंबाने ती रिळे टाकून दिली असती, तर मतभेदालाही जागा उरली नसती. नंतर २००३ साली पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या भांडाराला आग लागून पुष्कळ जुनी रिळे जळाली. जपलेलेही असे एका दिवसात जाऊ शकते.

आता थोडे आपल्याकडचे. 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे साठच्या दशकातले कोकणी चित्रपट टीव्हीवर लागले की घरातली जुनी माणसे कथा सोडून रस्ते ओळखत बसतात, हे अनेकांनी पाहिले असेल. पेडणे आणि डिचोलीचे असे चित्रण फार थोडे आहे. आपले आहे ते घराघरांत. पुनवेच्या जत्रेचे, लग्नाचे, मुंजीचे, चवथीचे. महामार्ग रुंद झाला, मोपावर विमानतळ आला, डिचोलीकडे खाणींनी डोंगर बदलले. मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो. रस्त्याच्या रेषेत येणाऱ्या घरांची मापे घेणे हा माझ्या कामाचाच भाग. कितीतरी घरांच्या सोप्यावर बसून मी चहा प्यालो आणि मग ओसरीची लांबी, भिंतीची जाडी लिहून घेतली. रस्ते हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातल्या बऱ्याच घरांचे मी एकही छायाचित्र घेतले नाही. नोंदवहीत मापे आहेत, मोबदल्याचे आकडे आहेत. तुळशीवृंदावन कसे होते ते मात्र आता मलाही नीट आठवत नाही.

आणि आमची ती कॅसेट? गेल्या पावसात पेटी उघडली तेव्हा फितीवर बुरशी चढली होती. म्हापशाला एका माणसाकडून ती साफ करून संगणकावर उतरवून घेतली. अर्ध्याहून थोडे अधिक निघाले. आरती गेली, पण माटोळीखाली उभे आजोबा आणि त्यांच्यामागचा गडगा वाचला. आईने तो तुकडा तीनदा लावायला सांगितला. फणसाचे झाड नेमके कुठे होते, यावर तिचे आणि मावशीचे भांडण झाले. शेवटी चित्रातल्या विहिरीवरून आम्ही जागा काढली. ती आता रस्त्याच्या मधोमध येते.

या चवथीला आपल्यापैकी प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. घरात जुनी कॅसेट असेल, आजोबांच्या ट्रंकेत जुनी रिळे असतील, तर ती पाऊस संपायच्या आत बाहेर काढून उतरवून घ्यावी आणि पाहताना थोरल्यांना शेजारी बसवून जागांची नावे लिहून घ्यावी. दुसरे, यंदा मोबाइलवर गणपतीचे चित्रण करताना क्षणभर कॅमेरा दाराबाहेरही फिरवावा. अंगण, वाट, शेजाऱ्यांचे छप्पर, विहीर येऊ द्यावी. फाळके यांनी देवांसाठी केलेल्या कामातून आपल्याला नकळत एक नदीकाठ मिळाला. आपण तेवढे जाणून-बुजून करू शकतो.

सर्वांना चवथीच्या शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!